सोसायटीच्या पावत्यांचं ॲप लिहिताना: छोट्या डेस्कटॉप ॲपची रचना कशी निवडावी

प्रोग्रॅमिंग शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिलं खरं काम बहुतेक वेळा घराजवळच मिळतं. मुंबईत ते पुष्कळदा सोसायटीच्या ऑफिसात मिळतं. जिन्याखालची खोली, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना पीसी, वहीत लिहिलेली मेंटेनन्सची येणी आणि संध्याकाळी दोन तास बसणारे सेक्रेटरी. मागणी साधी असते: बिलं निघाली पाहिजेत, पावती छापली गेली पाहिजे. दोन-तीन विंडो, चार बटणं. पहिली आवृत्ती आठवड्यात उभी राहते आणि चालतेही. अडचण तिसऱ्या महिन्यात येते. सभासदांच्या यादीत ३०४ नंबरची थकबाकी ८,४०० रुपये दिसते, पावतीच्या विंडोत ८,६५२ दिसते, आणि कोणता आकडा खरा हे ॲप लिहिणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही.

दोन्हीकडची बेरीज बरोबरच असते. एका बटणामागच्या कोडमध्ये व्याज धरलेलं असतं, दुसऱ्यामागे धरायचं राहून गेलेलं असतं. तो आकडा काढण्याची एकच जागा ठरलेली नव्हती, हा खरा दोष. छोट्या ॲपची रचना निवडायची म्हणजे मुख्यतः हेच ठरवायचं: खरी नोंद कुठे राहणार, तिच्यावरून आकडे कोण काढणार आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला. एमव्हीसी, एमव्हीपी ही रचनांची प्रचलित नावं त्यानंतर येतात.

खालचं उदाहरण पायथन, टीकेइंटर (विंडो आणि बटणं बनवण्याची लायब्ररी) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) यांचं आहे, कारण विंडोजवर पायथन बसवलं की बाकीची दोन्ही सोबतच येतात. क्यूटी (विंडो बनवण्याची दुसरी लायब्ररी) किंवा सी-शार्पमध्ये काम करणाऱ्यांना हेच निर्णय घ्यावे लागतात. फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: कागदावर तीन ढीग

एडिटर उघडण्याआधी एक पाठकोरा कागद घ्या. ॲपला माहीत असायला हवी अशी प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग मूळ नोंदींचा. सदनिका क्रमांक, सभासदाचं नाव, घरात मालक राहतात की भाडेकरू, सभेने ठरवलेले दर, कोणत्या तारखेला किती पैसे आले, चेक असेल तर त्याचा नंबर. कोणीतरी सांगितल्याशिवाय ॲपला या गोष्टी कळूच शकत नाहीत.

दुसरा ढीग काढलेल्या आकड्यांचा. थकबाकी, व्याज, या महिन्याचं एकूण येणं, १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाची जमा. पहिल्या ढिगावरून हे केव्हाही पुन्हा काढता येतात, म्हणून ते साठवायचे नाहीत. लागतील तेव्हा काढायचे. थकबाकीचा वेगळा रकाना डेटाबेसमध्ये ठेवला की कधीतरी जुनी नोंद दुरुस्त होते, रकाना तसाच राहतो, आणि पुन्हा दोन आकडे समोरासमोर उभे राहतात. आपल्या उदाहरणातल्या सोसायटीच्या २८ घरांची थकबाकी दरवेळी नव्याने काढायला पीसीला जाणवेल इतकाही वेळ लागत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: दिलेलं बिल आणि फाडलेली पावती. सभासदाच्या हातात गेलेल्या कागदावरचे आकडे तिथेच गोठले. पुढच्या सभेत दर वाढला म्हणून मागच्या एप्रिलचं बिल बदलता कामा नये. बिल काढताना त्या दिवशीचे दर आणि प्रत्येक शीर्षाखालची (पाणी, लिफ्ट अशा बाबींची) रक्कम बिलासोबतच लिहून ठेवा. त्या क्षणापासून तो काढलेला आकडा उरत नाही, मूळ नोंद होतो. नवख्यांच्या हातून सुटणाऱ्या गोष्टींत ही सर्वांत महाग पडणारी, कारण चूक लक्षात येते ती लेखापरीक्षणाच्या वेळी.

तिसरा ढीग फक्त स्क्रीनपुरत्या गोष्टींचा. यादीतली निवडलेली ओळ, शोधायच्या चौकटीत टाइप केलेली दोन अक्षरं, अर्धवट भरलेला फॉर्म. ‘जतन करा’ दाबेपर्यंत फॉर्ममधली रक्कम ही खरी नोंद नसते. ती थेट मूळ नोंदीत लिहीत गेलात, तर ‘रद्द करा’ बटणाला परत जायला जागाच उरत नाही.

दुसरी पायरी: मोजून बघा

आता त्याच कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. एकच माहिती किती स्क्रीनवर दिसते? ती किती वाटांनी बदलू शकते: फक्त फॉर्ममधून, की एक्सेलमधून आयात करूनही, की ठरल्या तारखेला आपोआपही? केलेलं मागे घेण्याची सोय हवी का? आणि हे ॲप दोन महिने चालणार आहे की दहा वर्षं?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर जवळपास सगळं ठरतं. किती ओळींचा कोड होईल यावर फारसं काही ठरत नाही. हजार ओळींचं एकाच स्क्रीनचं ॲप सुखाने नांदू शकतं, आणि तीनशे ओळींच्या ॲपमध्येही एकच आकडा चार ठिकाणी दिसत असेल तर ते त्रास देतं.

तिसरी पायरी: रचना निवडा

सगळ्यात साधी रचना म्हणजे एकच फाइल, एकच विंडो. कार्पेट एरिया चौरस मीटरमधून चौरस फुटांत करून दाखवणारं ॲप घ्या: एक चौकट, एक बटण, एक उत्तर, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. इथे थर पाडत बसू नका. एवढंच करा, की गुणाकार बटणाच्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फंक्शनमध्ये लिहा. ॲप वाढलं तर ते फंक्शन उचलून नेता येतं.

दुसरी रचना दोन थरांची. नियम एका फाइलमध्ये, स्क्रीन दुसऱ्या फाइलमध्ये. नियमांच्या फाइलला स्क्रीन नावाची वस्तू जगात असते हे माहीतच नसावं. स्क्रीन नियमांना हाक मारते, नियम स्क्रीनला कधीच हाक मारत नाहीत. दोन ते पाच स्क्रीनच्या बहुतेक ॲपना एवढं पुरतं. सोसायटीच्या ॲपची सुरुवात इथूनच करावी असं आमचं ठाम मत आहे.

तिसरी एमव्हीपी: मॉडेल (नियम आणि नोंदी), व्ह्यू (स्क्रीन), प्रेझेंटर (दोघांमधला दुवा). हे नाव टॅलिजेंट कंपनीच्या माइक पोटेल यांच्या १९९६ च्या लेखामुळे पसरलं. पुढे २००६ मध्ये मार्टिन फाउलर यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यातला ‘पॅसिव्ह व्ह्यू’ छोट्या ॲपला चांगला लागू पडतो. यात स्क्रीन अगदी आज्ञाधारक असते. ‘ही यादी दाखव’, ‘हे बटण बंद कर’, ‘ही चूक लाल अक्षरात लिही’ एवढं तिला कळतं, आणि काही दाबलं गेलं की ती फक्त कळवते. कोणतं बटण केव्हा बंद करायचं, सदनिका निवडली की काय काय भरायचं, हे सगळं प्रेझेंटर ठरवतो. ओळख सोपी आहे: प्रेझेंटरच्या फाइलमध्ये ‘टीकेइंटर’ हा शब्द शोधा. एकदाही सापडला तर थर गळतोय.

एमव्हीपीला जास्तीचं लिखाण लागतं, म्हणून ते सगळ्या स्क्रीनना लावू नका. सभासदांच्या यादीला त्याची गरज नाही. बिलाच्या स्क्रीनला आहे, कारण तिथे एका चौकटीमुळे दुसऱ्या चार बदलतात. भाडेकरूची खूण केली की एक शीर्ष वाढतं, तारीख बदलली की व्याज बदलतं, बिल निघालं की सगळं बंद होतं. एकाच ॲपमध्ये चार स्क्रीन साध्या आणि एक एमव्हीपीची असणं यात काहीही गैर नाही.

एमव्हीव्हीएम (मॉडेल, व्ह्यू, व्ह्यूमॉडेल) ही रचना २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी डब्ल्यूपीएफ या विंडोजच्या स्क्रीन बनवण्याच्या साधनासाठी मांडली. तिचा सगळा जोर डेटा बाइंडिंगवर आहे: चौकट आणि व्हेरिएबल एकमेकांना बांधले की एक बदलल्यावर दुसरं आपोआप बदलतं. डब्ल्यूपीएफ किंवा त्याच्यासारखंच ॲव्हलोनिया वापरत असाल तर हीच वाट धरा, साधन त्यासाठीच बनलं आहे. टीकेइंटरमध्ये मात्र स्ट्रिंगव्हारसारखी एकट्या चौकटीपुरती बांधणी मिळते, तक्त्यासाठी काही मिळत नाही. तिथे एमव्हीव्हीएमचा हट्ट धरला तर आधी स्वतःचं बाइंडिंग लिहावं लागतं, आणि पावत्या राहतात बाजूला.

एमव्हीसीबद्दल (मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर) थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. नॉर्वेच्या ट्रिग्वे रीनस्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषेसाठी ही रचना मांडली. त्या काळच्या कंट्रोलरचं काम होतं माउस आणि कीबोर्डकडे लक्ष ठेवणं. आजच्या टूलकिटमध्ये (टीकेइंटर, क्यूटी यांसारख्या लायब्ररींमध्ये) बटण स्वतःच क्लिक ओळखतं आणि चौकट स्वतःच अक्षरं स्वीकारते, त्यामुळे मूळ अर्थाच्या कंट्रोलरला डेस्कटॉपवर फारसं काम उरलेलं नाही. क्लासमध्ये जॅंगो किंवा लाराव्हेल या वेबसाइट बनवण्याच्या साधनांसोबत शिकवतात ते एमव्हीसी आणखी वेगळं. तिथे ब्राउझर विनंती पाठवतो, कंट्रोलर उत्तराचं पान तयार करतो आणि विषय संपतो. डेस्कटॉपवरची विंडो तासन्‌तास उघडी असते आणि तिच्यातली माहिती मध्येच शिळी होऊ शकते. वेबची तीन फोल्डरं जशीच्या तशी इथे आणली की ‘कंट्रोलर’ नावाच्या फाइलमध्ये नियम, एसक्यूएल आणि लेबलांचे रंग असं सगळं एकत्र साठत जातं.

शेवटची रचना एकाच दिशेने वाहणारी. ॲपची सगळी अवस्था एका जागी, प्रत्येक कृती म्हणजे एक संदेश, आणि जुनी अवस्था अधिक संदेश घेऊन नवी अवस्था देणारं एकच फंक्शन. २०१२ मध्ये आलेल्या एल्म भाषेमुळे ही पद्धत लोकांना माहीत झाली. मागे घेण्याची सोय हवी असेल तर तिच्यासारखी सोपी दुसरी नाही: जुन्या अवस्था एका यादीत ठेवा आणि एकेक मागे या. पार्किंगचा नकाशा आखायचं ॲप असेल तर हीच घ्या. पावत्यांच्या ॲपला ती लागत नाही, कारण फाडलेली पावती मागे घ्यायची नसते; रद्द केल्याची वेगळी नोंद करायची असते.

चौथी पायरी: नियम आधी, विंडो नंतर

चार फाइल करा: नियम, साठा, स्क्रीन आणि सुरुवात. बिलाच्या स्क्रीनसाठी पाचवी प्रेझेंटरची. पहिले दोन दिवस एकही विंडो उघडू नका.

नियमांच्या फाइलमध्ये पैसा पूर्णांकात आणि पैशांमध्ये ठेवा. ८,४०० रुपये म्हणजे ८,४०,००० पैसे. दशांश चिन्हाच्या फ्लोट संख्या वापरल्या तर ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि बाराव्या महिन्याला ताळेबंद एका पैशाने जुळत नाही. पूर्णांक घेतले तरी वाटणीचा प्रश्न उरतोच. १०,००० रुपयांचा लिफ्टचा खर्च २८ घरांत सारखा वाटला तर प्रत्येकी ३५७ रुपये १४ पैसे होतात आणि ८ पैसे उरतात. ते कोणत्या शीर्षात जाणार हे कमिटीला विचारा आणि एकाच फंक्शनमध्ये लिहा. बिल पूर्ण रुपयांत करायचं असेल तर तो नियमही तिथेच.

मग एकेक नियम घ्या. सगळे खर्च सारखे वाटले जात नाहीत: पाण्याची आकारणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर होते, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा. घर भाड्याने दिलेलं असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे बिनभोगवटा शुल्क लागतं. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हे १० टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. थकबाकीवरचं व्याज सरळव्याजाने, दर सर्वसाधारण सभेने उपविधींच्या मर्यादेत ठरवलेला. यातला कोणताही दर कोडमध्ये ठोकून बसवू नका. दर, तो लागू झाल्याची तारीख आणि ठरावाची तारीख असा वेगळा तक्ता ठेवा.

प्रत्येक नियमाला कागदावर सोडवलेलं एक उदाहरण जोडा. ८,४०० रुपये थकले, तीन महिने झाले, दर १२ टक्के धरला, तर व्याज २५२ रुपये. सेवा शुल्क १,८५० असेल तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त १८५. ही उदाहरणं पायथनच्या युनिटटेस्ट या चाचण्यांच्या मॉड्यूलमध्ये लिहा. विंडो नसल्यामुळे सगळ्या चाचण्या एका सेकंदाच्या आत धावतात, आणि सेक्रेटरींना समोर बसवून वहीतले पाच जुने महिने ताडून बघता येतात. ॲपवर विश्वास बसतो तो इथे.

साठ्याची फाइल

एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेची, सगळी वाक्यं याच फाइलमध्ये राहू द्या. एसक्यूलाइट सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे छोट्या ऑफिसला ते सोयीचं. तीन-चार गोष्टी मात्र मुद्दाम कराव्या लागतात. फॉरेन कीची, म्हणजे एका तक्त्यातली ओळ दुसऱ्यातल्या खऱ्या ओळीकडेच बोट दाखवते ना याची, तपासणी दर कनेक्शनला चालू करावी लागते, आपोआप होत नाही. बिलाची मुख्य नोंद आणि त्याखालच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकगठ्ठा होणाऱ्या लिखाणात) लिहा, म्हणजे मध्येच वीज गेली तर दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील. सदनिका आणि महिना या जोडीवर युनिक बंधन घाला; कोणी बटण दोनदा दाबलं तरी एका महिन्याची दोन बिलं होणार नाहीत. तक्त्यांची आवृत्ती ‘युझर व्हर्जन’ या प्रॅग्मामध्ये (एसक्यूलाइटच्या सेटिंगमध्ये) लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी रकाना वाढवताना जुनी फाइल ओळखता येईल.

बॅकअपसाठी चालू फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करू नका, लिखाण चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये ३.७ पासून बॅकअपचं फंक्शन आहे, ते ॲप बंद होताना आपोआप चालवा. आणि ही फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन पीसींवरून उघडू नका, तिथे फाइलच्या कुलपांवर भरवसा ठेवता येत नाही.

स्क्रीन जोडताना

इथे एकच सूत्र पाळा: बदल झाला की ‘बदल झाला’ एवढीच हाळी द्यायची, आणि जी स्क्रीन उघडी असेल तिने लागणारी माहिती नव्याने वाचून स्वतःला पुन्हा रंगवायचं. काय बदललं, कितव्या ओळीत, कोणता रकाना, असे बारीक निरोप पाठवण्याचा मोह होतो. २८ काय, ३०० ओळी पुन्हा भरल्या तरी डोळ्याला कळत नाही. बारीक निरोपांतला एखादा चुकला तर मात्र स्क्रीनवर जुना आकडा राहतो.

या जोडणीत चार बिघाड हमखास येतात. पहिला प्रतिध्वनीचा. कोडने चौकटीत रक्कम भरली की ‘चौकट बदलली’ ही घटना घडते, त्यामुळे पुन्हा हिशोब होतो, पुन्हा चौकट भरली जाते. नवी रक्कम जुन्यासारखीच असेल तर गप्प बसायचं, हा उपाय सगळीकडे चालतो. क्यूटीमध्ये टेक्स्टचेंज्डऐवजी टेक्स्टएडिटेड हा सिग्नल (घटनेची सूचना) वापरा, तो फक्त माणसाने टाइप केल्यावर येतो.

दुसरा, बंद केलेल्या विंडोचा. पावतीची विंडो बंद झाली पण हाळी ऐकणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं नाही, तर पुढच्या हाळीला टीकेइंटर ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ अशी चूक दाखवतं. विंडो उघडताना नाव घालता त्याच फंक्शनशेजारी नाव काढण्याचंही लिहा.

तिसरा पायथनच्या लूपमधला. सात मजल्यांसाठी सात बटणं लूपमध्ये बनवली आणि प्रत्येकाला लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिलं, की कोणतंही बटण दाबा, सातवाच मजला उघडतो. लॅम्डा मजल्याचा आकडा धरून ठेवत नाही, व्हेरिएबल धरून ठेवतं, आणि लूप संपल्यावर त्यात सातच असतात. आकडा लॅम्डाला डीफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून द्या.

चौथा, सोसायटीचं बोधचिन्ह विंडोत दिसत नाही. फोटोइमेज (टीकेइंटरमधलं चित्राचं ऑब्जेक्ट) फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्येच ठेवलं तर फंक्शन संपताच पायथन ते पुसून टाकतं. विंडोच्या ऑब्जेक्टवर ते बांधून ठेवा.

विंडो गोठते तेव्हा

ग्राफिकल ॲप एका इव्हेंट लूपवर चालतं: घटना घे, तिचं काम कर, पुढची घे. एका बटणाच्या कामाला बारा सेकंद लागले तर त्या बारा सेकंदांत दुसरं काहीच होत नाही, विंडो हलवताही येत नाही. पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दाखवतं, वापरणारे घाबरून ॲप बंद करतात, आणि निम्म्याच लोकांना बिलाची ईमेल गेलेली असते. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजूनही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात घडलेलं लगेच घडल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत लय तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष उडतं.

२८ पीडीएफ बनवणं यासारखं काम तुकड्यांत होण्याजोगं असेल तर एक पीडीएफ झाली की टीकेइंटरच्या ‘आफ्टर’ने पुढची नोंदवा. मध्ये लूपला श्वास मिळतो, ‘१२/२८’ असं दाखवताही येतं. ईमेलसारखं काम, जे नेटच्या भरवशावर अडकून बसू शकतं, ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, न्या. त्या थ्रेडने स्क्रीनला हात लावायचा नाही, क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) निरोप टाकायचा, आणि मुख्य थ्रेडने दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघायची. एसक्यूलाइटचं कनेक्शनही दुसऱ्या थ्रेडला वापरू देऊ नका. तिथे नवं उघडा.

लूपच्या मध्ये टीकेइंटरच्या ‘अपडेट’ला हाक मारायचा सल्ला अनेक ठिकाणी सापडतो. तो पाळू नका. त्या हाकेत थांबलेले क्लिकही पार पडतात, म्हणजे बिलं निघत असतानाच तेच बटण पुन्हा दाबलं जाऊ शकतं आणि काम कामाच्या आतच पुन्हा सुरू होतं. लांबचं काम सुरू करताना पहिली ओळ बटण बंद करण्याची असू द्या.

मराठी नावं आणि आकडे

नावांची यादी लावताना कॉम्प्युटर युनिकोडमधल्या क्रमाने जातो. तिथे ळ ची जागा ल आणि व च्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे ‘काळे’ हे नाव ‘कासार’च्या आधी लागतं आणि छापील यादीत शोधणारे चुकतात. एसक्यूलाइटला स्वतःचा क्रम देता येतो, पायथनमधून कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) नोंदवा.

‘गोऱ्हे’मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. शोध घेतल्यावर ‘असा सभासद नाही’ असं उत्तर येतं. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन नियमांच्या फाइलमध्ये ठेवा. रक्कम कोणी १८५० अशी देवनागरीत टाइप केली तरी हरकत नाही, पायथनचं इंट ती बरोबर वाचतं. मात्र तसाच मजकूर एसक्यूलाइटमध्ये गेला तर तो आकडा म्हणून मोजला जाणार नाही. रूपांतर स्क्रीनच्या उंबरठ्यावरच करा. दाखवताना १,२५,००० अशी आपली स्वल्पविरामांची पद्धत हवी असेल तर तिचं फंक्शनही एकच असू द्या.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती युनिकोड नसण्याची शक्यता मोठी. आयात करण्याआधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

सोसायटीच्या पीसीवर बसवताना

तुमच्या लॅपटॉपवर छान दिसणारी विंडो तिथे खाली कापली जाते. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १२५ टक्के स्केलिंग ठेवलेलं असलं तर प्रत्यक्षात सुमारे १०९३ बाय ६१४ एवढीच जागा उरते. ‘जतन करा’ बटण त्याच्या आत यायला हवं.

पायइन्स्टॉलरने (पायथनचं ॲप चालवण्याजोग्या फाइलमध्ये बांधणारं साधन) एकच फाइल बनवली तर ती दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि ॲप बंद झाल्यावर तो फोल्डर पुसला जातो. डेटाबेसचा पत्ता प्रोग्रॅमच्या फाइलशेजारचा धरला असेल तर दिवसभराच्या पावत्या त्याच्यासोबत जातात. डेटाबेस वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा, आणि एकच फाइल न करता फोल्डरच्या रूपात पॅकेज करा. ॲप उघडायलाही कमी वेळ लागतो.

ताब्यात देण्याआधी डेटाबेसच्या प्रतीवर एक चाचणी सेक्रेटरींच्या समोर करा. २८ बिलं काढायला सांगा आणि काम अर्ध्यावर असताना टास्क मॅनेजरमधून ॲप बंद करून टाका. पुन्हा उघडा. जेवढी बिलं दिसतील त्या प्रत्येकाखाली त्याच्या ओळी पूर्ण असल्या पाहिजेत. पुन्हा ‘बिलं काढा’ दाबल्यावर फक्त राहिलेली निघाली पाहिजेत, आणि ३०४ नंबरची थकबाकी यादीत, पावतीत आणि बिलात एकच दिसली पाहिजे.